‘द किलिंग जोक’चं भांडण नेमकं कशावरून आहे?

२०१६च्या जुलै महिन्यात सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये एका अ‍ॅनिमेशनपटाचा पहिला खेळ झाला. हा मेळा म्हणजे चाहत्यांची पंढरीच. लोक आवडत्या पात्राचा पोशाख शिवून घालतात, रात्रभर रांगेत बसतात आणि पडद्यावर नुसतं नाव झळकलं तरी शिट्ट्या मारतात. म्हणजे सभागृहात बसलेला प्रेक्षक घरचाच होता. तरी सिनेमा संपल्यावरच्या प्रश्नोत्तरांत ठिणगी पडली. बॅटगर्लचं असं का केलंत, हा विषय निघाला. ती कणखर स्त्री आहे, असं मंचावरून सांगितलं जात होतं, तेवढ्यात खालून कुणीतरी खोचक टोमणा मारला. पटकथाकार ब्रायन अझरेलो यांनी त्याला तेच पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं आणि वर एक शिवीही हासडली.

सिनेमाचं नाव ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’. त्यावरून तेव्हा जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. सुपरहिरो कॉमिक्सची चर्चा जिथे रंगते तिथे हा विषय निघतो आणि निघाला की दोन तट पडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कार्टूनवरून एवढं काय? पण थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, हे भांडण एका सिनेमाचं नाहीच. त्यात किमान तीन-चार वेगवेगळी भांडणं एकात एक अडकलेली आहेत आणि प्रत्येक जण आपलंच भांडण खरं धरून बोलतो आहे. ती सुटी करून बघू. (पुढे कथेचा शेवट सांगितलेला आहे. पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर आधी ते वाचा, तासभरात होतं.)

मूळ पुस्तक १९८८चं. डीसी कॉमिक्सने काढलेलं, पन्नासच्या आत पानं असलेलं, जाड कागदावरचं एक पातळ पुस्तक. लेखक अ‍ॅलन मूर आणि चित्रकार ब्रायन बोलंड, दोघेही ब्रिटिश. गोष्ट थोडक्यात अशी. बॅटमॅनचा हाडवैरी जोकर वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि एक मोडकी, बंद पडलेली करमणूक-जत्रा ताब्यात घेतो. त्याला एकच सिद्ध करायचं आहे: कितीही शहाणा, सरळमार्गी माणूस असो, एक वाईट दिवस त्याला वेडा करायला पुरेसा असतो. प्रयोगासाठी तो निवडतो पोलीस आयुक्त जिम गॉर्डन यांना. एका संध्याकाळी तो त्यांच्या घरी जातो. दार उघडते त्यांची मुलगी, बार्बरा. जोकर तिच्यावर गोळी झाडतो. गोळी कण्याला लागते. मग तो तिचे कपडे काढतो आणि विव्हळणाऱ्या तिचे फोटो काढतो. गॉर्डनना पळवून नेऊन त्या जत्रेतल्या भुताच्या गाडीत बसवतो आणि ते फोटो त्यांच्यासमोर लावतो.

अधूनमधून जोकरचा भूतकाळ येतो. रसायनांच्या कारखान्यातली नोकरी सोडून विनोदी कलाकार व्हायला निघालेला, पण कुणालाच हसवू न शकणारा एक गरीब माणूस. घरी गरोदर बायको. पैशासाठी तो एका दरोड्यात सामील व्हायला तयार होतो आणि त्याच दिवशी बायको अपघातात जाते. त्याचाही एक वाईट दिवस. अर्थात जोकर स्वतःच नंतर म्हणतो की त्याला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा. तेव्हा हे खरंच घडलं का, ते वाचकाने ठरवायचं.

गॉर्डन वेडे होत नाहीत. सुटका झाल्यावर ते बॅटमॅनला बजावतात की जोकरला पकड, पण कायद्याने पकड. जोकरचा सिद्धान्त तिथेच खोटा ठरतो. शेवटी पावसात बॅटमॅन आणि जोकर समोरासमोर येतात, जोकर एक विनोद सांगतो आणि दोघं हसतात.

पुस्तक गाजलं. १९८९मध्ये त्याला आयझनर पुरस्कार मिळाले, आणि आयझनर म्हणजे अमेरिकी कॉमिक्समधला सगळ्यात मानाचा पुरस्कार. पुढच्या कितीतरी जोकरांच्या अंगात या पुस्तकाचं रक्त आहे.

आता पहिलं भांडण. ते सिनेमाच्या कितीतरी आधीचं, पुस्तकाशीच आहे.

बार्बरा गॉर्डन म्हणजे कुणी रस्त्यावरची अनोळखी मुलगी नव्हे. तीच बॅटगर्ल. १९६७ साली ती कॉमिक्समध्ये आली, त्याच सुमारास टीव्हीवरच्या बॅटमॅन मालिकेतही दिसली. दिवसा ग्रंथपाल आणि रात्री मुखवटा घालून गुंडांना लोळवणारी. वीस वर्षं मुलींच्या एका अख्ख्या पिढीने तिला बघितलं होतं. आणि या पुस्तकात ती काय करते? वडिलांसाठी कोको बनवते, दार उघडते, गोळी खाते. मोजक्या पानांवर ती आहे आणि त्यातही बहुतेक वेळ जमिनीवर किंवा इस्पितळाच्या खाटेवर. कथा तिच्याबद्दल नाहीच. तिच्यावर जे होतं ते वडिलांना वेडं करता येतं का, हे तपासण्यासाठी होतं, आणि वडिलांना जे होतं ते बॅटमॅनला काहीतरी पटवण्यासाठी. गोळी लागते तिला आणि गोष्ट तीन पुरुषांची.

या प्रकाराला पुढे एक नावच पडलं. १९९९मध्ये गेल सिमोन या वाचक बाईंनी (त्या नंतर स्वतः कॉमिक्सच्या नामवंत लेखिका झाल्या) एक यादी केली. पुरुष नायकाला दुःख व्हावं, राग यावा, त्याने पेटून उठावं, एवढ्याचसाठी कॉमिक्समध्ये किती स्त्रियांना मारलं, अपंग केलं, त्यांच्यावर अत्याचार झाले, त्याची यादी. नाव दिलं ‘फ्रिजमधल्या बायका’, कारण १९९४च्या एका ग्रीन लँटर्न अंकात नायकाला आपल्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. त्या यादीत बार्बरा होतीच.

स्वतः मूर यांचंही या पुस्तकाबद्दल फार चांगलं मत उरलेलं नाही. आपल्या चांगल्या लेखनात ते याची गणना करत नाहीत. बॅटमॅन आणि जोकर या दोघांच्या नात्यातून माणसाच्या आयुष्याबद्दल काही शिकण्यासारखं नाही आणि बार्बराच्या बाबतीत आपण मर्यादा ओलांडली, अशा अर्थाचं ते मुलाखतींमधून बोललेले आहेत. लेखकच म्हणतो की हे जमलं नाही आणि वाचक त्याला सांगतात, नाही हो, जमलंय. असं दृश्य साहित्यात नेहमी दिसत नाही.

मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. पुस्तकाची बांधणी अशी आहे की हात जोडावेत. पहिल्या चौकटीत डबक्यात पडणारे पावसाचे थेंब, शेवटच्या चौकटीतही तेच. मधली सगळी गोष्ट त्या दोन डबक्यांच्या मध्ये मावते. आणि त्या सुबक बांधणीत बार्बरा विटेसारखी वापरली गेली आहे. सुबक आहे म्हणूनच ते जास्त खुपतं. गचाळ पुस्तक असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

दुसरं भांडण बार्बराच्या पुढच्या आयुष्याचं. ते कळल्याशिवाय सिनेमावरचा राग कळत नाही.

डीसीने गोळी लागल्यानंतर तिचं काय करायचं याचा फारसा विचार केलेला दिसत नाही. तो केला किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याने. बार्बराला असं वाऱ्यावर सोडलेलं त्यांना पटलं नाही. १९८९च्या सुरुवातीला ‘सुइसाइड स्क्वॉड’च्या २३व्या अंकात संगणकावरून कुणीतरी मदत देऊ करतं. नाव फक्त ‘ओरॅकल’. चेहरा नाही, पत्ता नाही. वर्षभराने वाचकांना कळतं की ही व्हीलचेअरवरची बार्बरा आहे. पाय गेले, पण ग्रंथपालाची स्मरणशक्ती, माहिती शोधण्याचं कसब आणि संगणकावरची हुकमत शाबूत होती. अर्ध्या महानायकांचं काम तिच्या माहितीवर चालू लागलं. १९९६पासून ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’ या मालिकेत ती म्होरक्या झाली आणि पुढे त्या मालिकेचं लेखन गेल सिमोन यांच्याकडेच आलं, ही मजेची गोष्ट.

अपंग वाचकांसाठी ओरॅकल हा केवढा आधार होता ते सांगायला हवं. सुपरहिरोंच्या जगात मेलेले जिवंत होतात, तुटलेला कणाही जुळतो. बॅटमॅनचा जुळलाच की. बार्बरा मात्र खुर्चीवरच राहिली आणि तिथूनच जिंकत राहिली, वीसेक वर्षं. म्हणून २०११मध्ये डीसीने सगळ्या मालिका नव्याने सुरू करताना तिला पुन्हा पायांवर उभं करून बॅटगर्ल केलं, तेव्हा बरेच वाचक हळहळले. दुसऱ्या बाजूला लहानपणची बॅटगर्ल परत मिळाली म्हणून आनंदणारेही होते. ही नवी बॅटगर्ल पुन्हा सिमोन यांनीच लिहायला घेतली.

मग २०१५ उजाडलं. जोकरचं ७५वं वर्ष म्हणून अनेक मालिकांना जोकरची खास मुखपृष्ठं द्यायचं ठरलं. बॅटगर्लच्या ४१व्या अंकासाठी राफाएल अल्बुकर्के यांनी चित्र काढलं: जोकरने तिच्या गळ्यात हात टाकलाय, हातात पिस्तूल, दुसऱ्या हाताने तिच्या चेहऱ्यावर लाल हसू रंगवतोय आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. चित्र म्हणून जबरदस्त. पण ती मालिका तेव्हा हलकीफुलकी, तरुण मुलींना डोळ्यासमोर ठेवून चाललेली होती. ओरड झाली. शेवटी चित्रकारानेच प्रकाशकाला विनंती केली आणि ते मुखपृष्ठ मागे घेतलं गेलं. यावर एका गटाने म्हटलं, बरं झालं. दुसरा गट म्हणाला, ही दडपशाही आहे, आता कलाकाराने विचारून विचारून चित्रं काढायची का? हे दोन्ही गट तापलेलेच होते. त्याच वर्षी, चारच महिन्यांनी, ‘द किलिंग जोक’वर सिनेमा येणार अशी घोषणा झाली.

म्हणजे तव्यावर पोळी पडायच्या आधीच तवा लाल झालेला होता.

तरी सिनेमाची वाट लोक किती आतुरतेने बघत होते, हेही विसरून चालणार नाही. कारण आवाज. १९९२मध्ये सुरू झालेल्या बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत केविन कॉनरॉय बॅटमॅन झाले होते आणि मार्क हॅमिल जोकर. कॉमिक वाचतानाही डोक्यात याच दोघांचे आवाज ऐकू येणारी पिढी तोवर तिशी-पस्तिशीत पोचली होती. हॅमिल जोकरला निरोप देण्याच्या गोष्टी करत होते, पण २०११मध्येच त्यांनी सांगून ठेवलं होतं की ‘द किलिंग जोक’ कुणी केला तर मी परत येईन. चाहत्यांनी ते धरून ठेवलं. दिग्दर्शक सॅम लिऊ, निर्मात्यांत जुन्या मालिकेचे शिल्पकार ब्रूस टिम, बार्बराचा आवाज टारा स्ट्राँग यांचा. त्यात सिनेमाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना सोबत मोठं माणूस हवं. डीसीच्या या अ‍ॅनिमेशनपटांच्या मालिकेत असं प्रथमच घडत होतं. चाहत्यांनी त्याचा अर्थ घेतला: चला, काही कापलेलं नाही, पुस्तक जसंच्या तसं येणार. अमेरिकेत २५ जुलैला एका रात्रीपुरता थिएटरात लागला तर ३० लाख डॉलरच्या वर गल्ला झाला.

आणि मग लोकांनी तो पाहिला.

अडचण साध्या हिशोबाची होती. पन्नाशीच्या आतलं पुस्तक पडद्यावर घातलं तर जेमतेम पाऊण तास भरतं. पूर्ण लांबीच्या सिनेमाला सव्वा तास तरी हवा. बॅटमॅनच्याच ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकच्या वेळी उलट झालं होतं. पुस्तक जाडजूड, म्हणून त्याचे २०१२ आणि २०१३ मध्ये दोन सिनेमे केले. इथे अर्धा तास कुठून तरी आणायचा होता.

निर्मात्यांनी तो बार्बराला द्यायचं ठरवलं. हेतू त्यांनी सांगितला तो ऐकायला रास्तच होता: पुस्तकात ती नुसतीच बळी म्हणून येते, आपण आधी तिला बॅटगर्ल म्हणून दाखवू, प्रेक्षकाला तिची ओढ लागू दे, मग गोळीचा घाव बसेल. म्हणजे चाहत्यांची २८ वर्षांची तक्रार त्यांनी ऐकली होती. इथपर्यंत सगळं ठीक.

पण त्या अर्ध्या तासात घडतं काय? बॅटगर्ल एका गुंडाच्या मागे लागते आणि तो गुंड तिच्यावर लट्टू होतो. बॅटमॅन तिला दूर राहायला सांगतो, ती चिडते. दोघांचं गच्चीवर भांडण होतं, मारामारी होते आणि त्या मारामारीतून शरीरसंबंध. पुढे बॅटमॅन तिला टाळतो, ती त्याच्या फोनची वाट बघते, नोकरीच्या ठिकाणी मित्रापाशी रडगाणं गाते. अखेर त्या गुंडाला मरेस्तोवर बडवते, स्वतःच दचकते आणि बॅटगर्लचं काम सोडून देते.

इथे चाहत्यांचा बांध फुटला. बॅटमॅन हा तिच्या बापाचा मित्र. आपल्याकडच्या कुठल्याही मुलीने त्याला ‘काका’ म्हटलं असतं. कामात तो तिचा गुरू. कॉमिक्समध्ये तिचं मन रमलं होतं ते डिक ग्रेसनमध्ये, म्हणजे बॅटमॅनचा तरुण साथीदार असलेल्या पहिल्या रॉबिनमध्ये. बॅटमॅनशी तिचं जुळवायची हौस टिम यांच्या जुन्या मालिकांच्या विश्वातही डोकावली होती आणि तेव्हाही ती फार कुणाला रुचली नव्हती.

पण नातं शोभतं की नाही, यापेक्षा मोठी चूक वेगळी आहे असं मला वाटतं. निर्मात्यांनी बार्बराला वेळ दिला, गोष्ट दिली नाही. पुस्तकात तिची किंमत ‘गॉर्डनची मुलगी’ एवढीच होती. सिनेमाने तिला ‘गॉर्डनची मुलगी आणि बॅटमॅनची कोणीतरी’ केलं. आता ती दोन पुरुषांच्या दुःखाचं कारण झाली. रोग बरोबर ओळखला आणि औषध म्हणून तोच रोग दुप्पट दिला. शिवाय हा अर्धा तास संपला की कथा सरळ पुस्तकाच्या पहिल्या पानावर उडी मारते. तो गुंड, तो राग, तो फोन, यातलं पुढे काहीही उरत नाही. बोगीला बोगी जोडायची आकडीच नाही.

आणखी एक जागा आहे जिच्यावरून फार बोललं गेलं. बॅटमॅन जोकरला शोधत वेश्यांकडे चौकशी करतो आणि त्या सांगतात की तो सुटला की नेहमी आमच्याकडे येतो, या खेपेला आला नाही. बार्बराशी जोकरने गोळीपलीकडे काय केलं, हा प्रश्न पुस्तकात धूसर होता. सिनेमाने हे वाक्य घालून इशारा केला, असं अनेकांनी वाचलं. काहींना ते सहज टाकलेलं वाक्य वाटलं. असं वाक्य सहज टाकता येतं असं वाटणं, हीच चाहत्यांची तक्रार होती.

आता तिसरं भांडण, आणि मला सगळ्यात रस असलेलं. समजा तो अर्धा तास कापून टाकला. उरलेला सिनेमा पुस्तकाशी अगदी प्रामाणिक आहे. कितीतरी संवाद शब्दशः, कितीतरी दृश्यं चौकटीबरहुकूम. तरी बरेच चाहते म्हणाले, यात जीव नाही. दुसरे म्हणाले, जसंच्या तसं हवं होतं ना, दिलं, आता काय हवंय?

याचं उत्तर कॉमिक चालतं कसं, यात आहे. कॉमिकच्या पानावर दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी असते. गोष्ट खरी त्या पट्टीत घडते. एका चौकटीत उघडणारं दार, दुसऱ्या चौकटीत पडलेला माणूस. मधली हालचाल तुम्ही मनात पुरी करता, आणि किती वेगाने करायची तेही तुम्हीच ठरवता. नको असलेल्या चौकटीवरून नजर झटकन पुढे नेता येते, एखाद्या चौकटीवर पाच मिनिटं बसता येतं, मागे जाता येतं. बार्बराचे फोटो पानावर बघणं आणि पडद्यावर बघणं यात हाच फरक आहे. पानावर किती वेळ बघायचं हे तुमच्या हातात, पडद्यावर ते दिग्दर्शकाच्या हातात. प्रसंग तोच राहिला तरी तुम्ही वाचक होतात, ते कोंडून बसवलेले प्रेक्षक होता. गॉर्डनना भुताच्या गाडीत बांधून तेच फोटो दाखवले होते, ही आठवण त्या वेळी येते आणि ती फार सुखाची नाही.

दुसरी गोष्ट रेषेची. बोलंड हे संथ आणि काटेकोर काम करणारे चित्रकार. त्यांची शाईची रेष बघावी: जोकरच्या गालाची प्रत्येक सुरकुती, दातांच्या फटी, ओल्या केसांचा चिकटा. अ‍ॅनिमेशनमध्ये अशी रेष टिकत नाही. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चित्रं धावतात. एकेक चित्र दोनदा वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात, आणि ती वेगवेगळ्या हातांनी काढायची असतात. त्यातल्या एका सुरकुतीची जागा जरा हलली तरी पडद्यावर चेहरा खदखदायला लागतो. म्हणून चेहरे सोपे करावे लागतात. हे कुणाचं पाप नाही, माध्यमाचा नियम आहे. पण बोलंड यांचा जोकर सोपा केला की जे उरतं ते बरंचसं कुठल्याही कार्टूनसारखं दिसतं.

रंगांचंही असंच. (इथे थोडं विषयांतर, पण राहवत नाही.) १९८८च्या आवृत्तीत जॉन हिगिन्स यांचे रंग होते, भडक जांभळे, नारिंगी, पिवळे, तापात पडलेल्या स्वप्नासारखे. २००८मध्ये वीस वर्षं झाल्यानिमित्त बोलंड यांनी अख्खं पुस्तक स्वतः पुन्हा रंगवलं. भूतकाळ जवळपास करडा केला आणि त्यात एखादीच लाल वस्तू ठेवली, जणू पुढे दरोड्याच्या वेळी त्याच्या डोक्यावर येणारा लाल टोप आधीपासून खुणावतोय. यावरही चाहत्यांत तट आहेत. मी नवी आवृत्ती आधी वाचली आणि मला ती फार आवडली. नंतर जुनी हाती लागली आणि कळलं की वेड जुन्या रंगांत जास्त आहे. ‘मूळाशी प्रामाणिक’ म्हणणाऱ्यांना म्हणूनच विचारावंसं वाटतं, कुठल्या मूळाशी?

आणि तिसरी, सगळ्यात गंमतीची. पुस्तकात वर्तमानातून भूतकाळात जाताना मूर आणि बोलंड एक युक्ती वापरतात. या चौकटीत जोकर ज्या पवित्र्यात उभा, पुढच्या चौकटीत अनेक वर्षांपूर्वीचा तोच माणूस नेमका त्याच पवित्र्यात. पानावर हे बघताना चमकायला होतं. पण ही युक्ती आली कुठून? सिनेमातूनच. पडद्यावर असे सांधे आपण शेकडो वेळा पाहिलेत. पुस्तकाने सिनेमाकडून उसनं घेतलेलं दागिना म्हणून शोभत होतं, ते सिनेमात परत गेल्यावर रोजच्या वापरातलं भांडं झालं. जसंच्या तसं ठेवूनही हरवलं ते असं.

हॅमिल मात्र या सगळ्यातून सहीसलामत सुटतात. जोकर होण्याआधीच्या त्या दबलेल्या, ओशाळलेल्या माणसाचा आवाज त्यांनी इतका वेगळा लावलाय की हाच माणूस पुढे ते हास्य करणार यावर विश्वास बसत नाही आणि मग बसतो. सिनेमाला शिव्या घालणारेही इथे गप्प होतात.

शेवटावरही एक जुनं भांडण आहेच. जोकर दोन वेड्यांचा विनोद सांगतो. एक गच्चीवरून पलीकडे उडी मारतो, दुसरा घाबरतो. पहिला म्हणतो, मी टॉर्चचा झोत धरतो, तू त्यावरून चालत ये. दुसरा म्हणतो, मला काय वेडा समजलास, मी अर्ध्यात असताना तू टॉर्च बंद करशील. जोकर हसतो, मग बॅटमॅनही हसतो, त्याचे हात जोकरच्या खांद्याकडे जातात, पोलिसांच्या गाडीचा उजेड, पाऊस, आणि हसणं थांबलेलं. २०१३मध्ये कॉमिक-लेखक ग्रँट मॉरिसन एका गप्पांच्या कार्यक्रमात म्हणाले की उघड आहे, बॅटमॅनने इथे जोकरचा गळा आवळला. ऐकणाऱ्यांची झोप उडाली. मूर यांच्या संहितेत तसं काही नाही, हेही नंतर पुढे आलं. पण एकदा ऐकल्यावर ते पान पूर्वीसारखं वाचता येत नाही. पानाला आवाज नसतो, म्हणून हसणं कुणाचं आधी थांबलं हे न सांगता चालतं. सिनेमाला दोन माणसांचं हसणं ऐकवावंच लागतं आणि कुठल्या तरी क्षणी ते बंद करावंच लागतं. तिथे काहीही केलं तरी एका गटाला ते चुकलेलं वाटणार होतं.

तेव्हा या वादात कोण बरोबर, असं विचारलं तर आधी विचारायला हवं, कुठल्या वादात? पुस्तक थोर आहे म्हणून सिनेमा का नको, असं म्हणणारा बांधणीबद्दल बोलतोय. बार्बराला न्याय मिळाला नाही म्हणणारी पन्नास वर्षांच्या एका पात्राबद्दल बोलतेय. व्हीलचेअरवरचा वाचक आणखी तिसऱ्याच गोष्टीबद्दल. आणि हॅमिल-कॉनरॉय यांच्यासाठी आलेला माणूस स्वतःच्या लहानपणाबद्दल. कॉनरॉय २०२२मध्ये गेले, तेव्हा त्या शेवटच्या गटाला हा सिनेमा पूर्वीपेक्षा गोड वाटू लागला असेल तर नवल नाही.

मला स्वतःला चुटपुट लागते ती त्या अर्ध्या तासाची. कारण हवा तो मजकूर निर्मात्यांच्या घरातच पडून होता. १९९६मध्ये येल आणि ऑस्ट्रँडर यांनी एक छोटी कथा लिहिली: गोळीनंतरची बार्बरा. इस्पितळाची खाट, पाय हलत नाहीत हे कळण्याचा क्षण, आणि भेटायला आलेल्या बॅटमॅनवर निघालेला तिचा राग. मी इथे अशी पडले आणि तुम्ही दोघं त्याच्या विनोदावर हसत होतात. पुस्तकाचा तो गाजलेला शेवट पहिल्यांदाच तिच्या बाजूने दिसतो आणि त्या हसण्याची चव एकदम बदलते. मग हळूहळू खुर्ची, संगणक आणि नवं नाव. अर्धा तास भरायचाच होता तर गोळीच्या आधी न भरता नंतर भरता आला असता.

सिनेमाला हे सुचलं नाही असंही नाही. श्रेयनामावली सुरू झाल्यावर एक छोटंसं दृश्य आहे. बार्बरा व्हीलचेअरवरून एका खोलीत येते, संगणकांचे पडदे उजळतात आणि ओरॅकलची खूण दिसते. मिनिटही पुरतं होत नाही. कॉमिक-कॉनच्या त्या सभागृहात काही जण तोवर रागाने उठून दाराकडे निघालेही असतील.